ठोक्याची सम सापडली पाहिजे : संगणक हृदयाचे आवाज कसे ऐकतो

गेल्या वर्षी आमच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातल्या चार मुलांनी प्रोजेक्टसाठी एक साधा स्टेथोस्कोप विकत आणला, त्याची नळी मधोमध कापली आणि आत कॉलर माइकमधला वाटाण्याएवढा मायक्रोफोन बसवला. वायरचं दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं. एकाने शर्टाची बटणं काढून छातीवर चकती धरली आणि बाकीचे तिघे पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर उमटला एक जाड, सलग पट्टा. हेडफोनमध्ये नुसती घरघर. "सर, हार्ट कुठंय यात?" एकाने विचारलं.

आधी पंखा बंद केला. पट्टा थोडा बारीक झाला. मग लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला आणि घरघर एकदम ओसरली. तिच्याखालून लब-डब, लब-डब वर आलं. चौघेही काही क्षण गप्प होते. स्वतःच्या हृदयाचा आवाज पहिल्यांदा ऐकताना माणूस असाच गप्प होतो.

भिंतीतली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणजे तिची गुणगुण ५० हर्ट्झची असते. हृदयाच्या मुख्य आवाजांचा बराचसा भाग साधारण २० ते १५० हर्ट्झमध्ये येतो. म्हणजे गुणगुण नेमकी हृदयाच्याच अंगणात येऊन बसते. ती सरसकट कापायची म्हटलं तर हृदयाच्या आवाजाचा तुकडाही तिच्यासोबत जातो. शिवाय आपल्या कानाला २० हर्ट्झच्या आसपासचं फार कमी ऐकू येतं. डॉक्टर जे ऐकतात ते मुळात ऐकण्याच्या उंबरठ्यावरचं असतं.

त्या प्रोजेक्टनंतर मी या विषयात बराच खोल गेलो. 'एआय आता हृदयरोग ओळखणार' अशा बातम्या वाचल्या की वाटतं, मधली सगळी गोष्ट कुणी सांगतच नाही. संगणक आवाज कसा ऐकतो, कशावरून ठरवतो आणि कुठे फसतो, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. लग्नाच्या वरातीत ठेका ओळखता येत असेल, तर यातलं बरंचसं समजेल.

आवाज येतो कुठून

हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. वरच्या दोन कप्प्यांत रक्त येतं, खालचे दोन कप्पे ते पुढे ढकलतात. खालचे कप्पे आकुंचन पावू लागले की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटतात, तो 'लब'. रक्त ढकलून झालं की बाहेर जाणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या तोंडावरच्या दोन झडपा मिटतात, तो 'डब'. झडपांची पाती तशी पातळ असतात. आवाज त्या एकट्यांचा नसतो. वाहतं रक्त अचानक अडतं आणि त्या धक्क्याने आजूबाजूच्या भिंती थरथरतात. दार आपटल्यावर नुसतं दार वाजत नाही, चौकट आणि भिंतही वाजते, तसंच.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याचा पूर्ण फेरा ०.८ सेकंदाचा होतो. लब ते डब हे अंतर सुमारे ०.३ सेकंद, आणि डबपासून पुढच्या लबपर्यंत सुमारे ०.५ सेकंद. पहिली फट लहान, दुसरी मोठी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर चालणार आहे.

निरोगी हृदयात या दोन्ही फटी बहुतेक वेळा शांत असतात. रक्त तिथून गुळगुळीत वाहतं. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फुसफुसू लागतं. अरुंद वाटेतून जोरात जाणारा प्रवाह खळबळतो आणि खळबळीला आवाज असतो. झडप नीट उघडत नसेल, नीट मिटत नसेल किंवा कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, तर रक्ताचंही तेच होतं. या आवाजाला डॉक्टर 'मर्मर' म्हणतात.

मर्मर कुठला हे ठरतं तो कोणत्या फटीत आहे यावरून. डाव्या बाजूची मोठी झडप म्हणजे मायट्रल. ती गळत असेल तर लब ते डब या पूर्ण फटीत एकसारखी फूस ऐकू येते. महाधमनीच्या तोंडावरची झडप अरुंद झाली असेल तरी आवाज त्याच फटीत येतो, पण तो चढतो आणि उतरतो. मायट्रल अरुंद झाली असेल तर गडगड दुसऱ्या फटीत येते आणि इतक्या खालच्या पट्टीत असते की सराव नसलेल्या कानाला ती सहज निसटते. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, ज्याला आपल्याकडे 'हृदयाला भोक' म्हणतात, तर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खरखरीत आवाज पहिल्या फटीभर चालतो. आणि जन्माआधी उघडी असणारी एक छोटी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची राहिली, तर आवाज दोन्ही फटी भरून टाकतो, पिठाची गिरणी दूरवर चालू असावी तसा.

इथे एक गोष्ट आईवडिलांनी जरूर समजून घ्यावी. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं नाही. पडद्यातलं छिद्र लहान असेल तर रक्त जोरात चिळकांडीसारखं जातं आणि आवाज मोठा येतो. छिद्र फार मोठं असेल तर दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा होतो, खळबळ कमी होते, आवाज मवाळ होतो, आणि मूल मात्र जास्त आजारी असतं. अनेक निरोगी मुलांच्या हृदयातही हलका, निरुपद्रवी मर्मर ऐकू येतो आणि वयानुसार तो जातो. म्हणून ज्या संगणकाला नुसतं 'किती मोठा आवाज' एवढंच मोजता येतं, त्याचा इथे काही उपयोग नाही.

कान तयार व्हायला वेळ लागतो

रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची घट्ट गुंडाळी करून एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. २०० वर्षांहून अधिक काळ ही नळी डॉक्टरच्या गळ्यात आहे. पण तिच्यातून ऐकू येणाऱ्याचा अर्थ लावणं सोपं झालेलं नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या ४५३ डॉक्टरांना हृदयातल्या १२ वेगवेगळ्या आवाजांच्या ध्वनिफिती ऐकवल्या होत्या. त्यांना सरासरी पाचांतला एकच ओळखता आला. यात डॉक्टरांना दोष देण्यासारखं काही नाही. शेकडो रुग्णांच्या छातीला नळी लावावी, जवळ जाणता गुरू असावा आणि त्याने 'हे ऐक' म्हणून दाखवावं, तेव्हा हा कान तयार होतो. गाण्याचा कान तयार होतो तसाच.

यंत्राची मदत घ्यावीशी वाटते ती इथे.

आवाजाचे आकडे

संगणकाला आवाज कळत नाही, आकडे कळतात. मायक्रोफोनवर हवेचा दाब किती, हे तो सेकंदाला हजारो वेळा मोजून लिहून ठेवतो. सेकंदाला ४,००० वेळा मोजलं, तर २० सेकंदांच्या नोंदीत ८०,००० आकड्यांची एक लांबच लांब माळ तयार होते. सेकंदाला जितक्या वेळा मोजू, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात उतरतो. म्हणजे इथे २,००० हर्ट्झपर्यंत. हृदयासाठी हे पुरून उरतं.

मग चाळण लावायची. साधारण २५ हर्ट्झच्या खालचं आणि ४०० हर्ट्झच्या वरचं बाजूला काढलं की हात हलल्याची धडपड, शर्टाची खसखस आणि बाहेरच्या बोलण्याचा बराचसा भाग जातो. सगळं मात्र जात नाही. श्वासाचा आवाज राहतो, पोटातली गुडगुड राहते, आणि लहान मूल रडत असेल तर देवाचं नाव घ्यावं. रडण्यावर चाळण चालत नाही. मूल शांत होईपर्यंत थांबणं हाच उपाय.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत जास्त आवडतो.

सम कुठे आहे

गाण्याच्या मैफिलीला उशिरा पोचलात, तबला चालूच आहे. पहिली काही आवर्तनं तुम्ही चाचपडता. मग एकदम सम सापडते, मान आपोआप डोलते, आणि त्यानंतर प्रत्येक बोल आपापल्या जागी बसतो. संगणकाला हेच करावं लागतं. नोंद कुठूनही सुरू झालेली असते. त्याला फक्त उंचवटे दिसतात. त्यातला लब कुठला, डब कुठला, हे कुणी लिहून दिलेलं नसतं. आणि ते चुकलं की सगळंच उलटं होतं. पहिल्या फटीतला मर्मर दुसऱ्या फटीतला वाटतो, गळणारी झडप अरुंद झडप वाटते.

पहिली पायरी म्हणजे लय शोधणं. तीच नोंद दोन बटर पेपरवर छापली आहे असं समजा. एक कागद दुसऱ्यावर ठेवा आणि वरचा हळूहळू उजवीकडे सरकवा. बराच वेळ काही जुळत नाही. मग एका ठिकाणी सगळे उंचवटे एकमेकांवर बरोबर बसतात. जितका कागद सरकला, तेवढा एका ठोक्याचा काळ. संगणक ही सरकवासरकवी आकड्यांवर करतो.

दुसरी पायरी, चार जागा ओळखणं : लब, लहान फट, डब, मोठी फट. एक गोल वाडा डोळ्यांसमोर आणा. चार खोल्या, आणि दारं एकाच दिशेने उघडणारी. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत आणि चौथीतून पुन्हा पहिलीत. आत एक माणूस फिरतोय, आपण बाहेर आहोत. आपल्याला तो दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतात. पण दारांचा क्रम ठाऊक आहे आणि प्रत्येक खोलीत तो साधारण किती वेळ थांबतो याचाही अंदाज आहे. एवढ्यावरून तो कोणत्या क्षणी कोणत्या खोलीत असेल, याची सर्वांत पटणारी कहाणी रचायची. या पद्धतीला 'हिडन मार्कोव्ह मॉडेल' म्हणतात. 'हिडन' म्हणजे खोली लपलेली, आवाज तेवढा उघडा. डेव्हिड स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली या पद्धतीची एक सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. खोलीत थांबण्याच्या वेळेचा हिशोब तिच्यात नीट बसवलेला आहे, आणि अनेकांनी पुढे तीच वापरली.

ती फसते कधी? मगाशी म्हटलं, पहिली फट लहान आणि दुसरी मोठी. हे आरामात बसलेल्या प्रौढ माणसाचं. ठोके वाढले की मोठी फट जास्त वेगाने आखडते. लहान मुलाचे मिनिटाला १२० ठोके पडत असतील तर दोन्ही फटी जवळपास सारख्या दिसतात. दादऱ्यासारखा दोन भागांचा ठेका, पण सम आणि खाली यांत फरकच कळेना, अशी गत होते. अनुभवी डॉक्टर अशा वेळी एक साधी युक्ती करतात : कान छातीकडे आणि बोटं मानेतल्या नाडीवर. नाडीच्या ठोक्याच्या किंचित आधी ऐकू येतो तो लब. संगणकालाही असा आधार देता येतो. सोबत ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख, घेतला तर त्यातल्या उंच टोकामागोमाग लब येतो, हे पक्कं असतं. नुसत्या आवाजावर चालणाऱ्या यंत्राला मात्र हे बोट धरायला मिळत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक नाजूक गोष्ट लपलेली असते. डब हा खरं तर दोन झडपांचा आवाज. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते ढकलायला थोडा जास्त वेळ लागतो आणि उजवीकडची झडप जराशी उशिरा मिटते. डबचे दोन तुकडे ऐकू येतात, 'ड-ब'. श्वास सोडला की ते पुन्हा एक होतात. हे निरोगीपणाचं लक्षण. पण वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर हे दोन तुकडे श्वास घेतला काय, सोडला काय, सारखेच लांब राहतात. अंतर सेकंदाच्या काही शतांश भागाचं. आजार त्या अंतरात नाही, ते अंतर श्वासासोबत बदलतं की नाही, यात आहे. आता पाच सेकंदांची नोंद घेऊन यंत्राकडे निकाल मागितला, तर बिचाऱ्याने काय सांगावं? एक-दोन श्वासच झालेले असतात.

निकाल कसा लागतो

ठोक्यांचे तुकडे हाती आले की वर्गवारी. तिचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. जुन्या रस्त्यात काय मोजायचं हे माणूस सांगतो : प्रत्येक फटीत किती ऊर्जा, कोणत्या पट्टीत, लबच्या तुलनेत डब किती मोठा, ठोक्याठोक्यात फरक किती. असे शंभरेक आकडे काढायचे आणि कोणत्या आकड्यांच्या कोणत्या मेळाला 'विकृत' म्हणायचं हे उदाहरणांवरून यंत्राला शिकू द्यायचं.

नव्या रस्त्यात आवाजाचं चित्र काढतात. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला पट्टी, आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग गडद. लब आणि डब खाली गडद डागांसारखे दिसतात आणि मर्मर त्यांच्या मध्ये ढगासारखा. या चित्रावरून 'न्यूरल नेटवर्क' एक छोटी खिडकी सरकवत जातं आणि कुठली नक्षी महत्त्वाची हे स्वतः शोधतं. प्रत्येक चुकीनंतर आतले आकडे किंचित बदलायचे, पुन्हा उत्तर द्यायचं, पुन्हा बदलायचं, असं लाखो वेळा. फायदा हा की माणसाच्या लक्षात न आलेली नक्षीही ते पकडू शकतं. तोटा हा की कशावरून पकडलं, हे ते धड सांगू शकत नाही.

२०१६ साली फिजिओनेट या खुल्या वैद्यकीय माहितीच्या संस्थेने जगभरच्या संशोधकांसाठी स्पर्धा ठेवली. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या उपकरणांनी, काही दवाखान्यात आणि काही घरी घेतलेल्या हृदयाच्या आवाजांच्या ३,००० हून अधिक नोंदी शिकण्यासाठी दिल्या. परीक्षेच्या नोंदी गुप्त ठेवल्या. पहिल्या आलेल्या चमूने दोन्ही रस्ते एकत्र केले होते : १२४ मोजमापांवर चालणारा एक वर्गीकारक आणि सोबत एक न्यूरल नेटवर्क. विकृत नोंदींपैकी सुमारे ९४ टक्के त्यांनी पकडल्या आणि निरोगी नोंदींपैकी सुमारे ७८ टक्के निरोगी म्हणून ओळखल्या. दोन्हींची सरासरी ८६.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्टही सांगायला हवी. दुसऱ्या आलेल्या चमूने ठोके वेगळे काढलेच नव्हते. सम न शोधता, पूर्ण नोंदीवरून थेट निकाल. आणि ते पहिल्यापेक्षा अगदी थोडक्यात मागे राहिले. मी यावर बराच विचार केला. 'काहीतरी बिघडलंय' एवढंच सांगायचं असेल तर समेशिवायही चालत असावं. आपल्याला गाण्यातलं काही कळत नसलं तरी तबला बेसूर आहे हे जाणवतंच. पण काय बिघडलंय, हे सांगायला कोणत्या फटीत काय आहे ते कळलंच पाहिजे, असं माझं मत अजून कायम आहे.

८६ टक्के म्हणजे गावात काय होईल

टक्केवारी ऐकायला बरी वाटते. ती शाळेच्या आवारात नेऊन बघू. एका तालुक्यातली १,००० मुलं तपासली आणि त्यातल्या १० जणांना खरोखर हृदयाचा आजार आहे असं हिशोबापुरतं धरू. वरच्या आकड्यांनी चालणारं यंत्र त्या १० पैकी ९ पकडेल. छानच. उरलेल्या ९९० निरोगी मुलांपैकी २२ टक्क्यांना, म्हणजे सुमारे २२० जणांना, ते 'विकृत' म्हणेल. एकूण २२९ घरांत निरोप जाईल की मुलाला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला न्या. त्यातल्या ९ घरांत आजार निघेल. २२० घरांमधल्या आया कितीतरी रात्री झोपणार नाहीत, कुणी रोजगार बुडवून जिल्ह्याच्या गावी जाईल, आणि इकोच्या रांगेत ती ९ मुलं मागे पडतील.

यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नाही. आजार दुर्मीळ असला की निरोगी माणसांना निरोगी म्हणण्यातली छोटीशी चूकही डोंगराएवढी होते, हे गणित कुठल्याही तपासणीला लागू आहे. म्हणून शिबिरात वापरायच्या यंत्राची पारख तिथल्या मुलांवरच झाली पाहिजे.

आता दुसरी बाजू. २०२२ साली याच स्पर्धेसाठी ब्राझीलच्या पराइबा राज्यात २०१४ आणि २०१५ साली घेतलेल्या तपासणी मोहिमांतल्या नोंदी वापरल्या. १,५६८ रुग्ण, जवळपास सगळी मुलं आणि किशोर, छातीवरच्या नेहमीच्या चार जागांवरून घेतलेल्या ५,२७२ नोंदी. त्यातल्या ९४२ जणांची माहिती सर्वांसाठी खुली आहे. त्यात १७९ जणांत मर्मर होता, ६९५ जणांत नव्हता, ६८ जणांबाबत नक्की सांगता येत नव्हतं. पण वैद्यकीय तपासणीचा अंतिम निकाल ४५६ जणांचा 'विकृत' होता. वजाबाकी करून बघा. मर्मर असलेले आणि अनिश्चित असलेले सगळेच्या सगळे आजारी धरले तरी २४७ होतात. म्हणजे किमान २०९ जणांत मर्मर ऐकू न येता निकाल विकृत होता.

२००७ साली कंबोडिया आणि मोझांबिक इथल्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसलं. घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब होतात. असा आजार नळीने शोधला तेव्हा जितकी मुलं सापडली, त्याच्या सुमारे दहापट सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत सापडली. झडपेवर परिणाम झाला होता, पण आवाज अजून सुरू झाला नव्हता. जे वाजतच नाही ते ऐकायला कुठलाही कान पुरा पडत नाही, लोखंडाचाही नाही. आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणारा झटका या आवाजांवरून आधी कळत नाही. मोबाइलवर ठोके ऐकून 'सगळं ठीक' असं दिसलं म्हणून छातीतल्या कळेकडे कुणी दुर्लक्ष करू नये.

२०२२ च्या त्या स्पर्धेतली मला भावलेली गोष्ट म्हणजे 'अनिश्चित' हा तिसरा पर्याय. मूल चुळबुळत होतं, नोंद गोंगाटाची आहे, मला सांगता येत नाही, पुन्हा घ्या. हे म्हणण्याची मुभा यंत्राला असायलाच हवी. ज्या यंत्राला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं, ते पंख्याच्या घरघरीलाही मर्मर म्हणेल.

पेपर फुटतो तेव्हा

शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या कामातल्या परीक्षांची. समजा एका मुलाच्या छातीवर चार जागी नोंदी घेतल्या. त्यातल्या तीन शिकवायला वापरल्या आणि चौथी परीक्षेला ठेवली. यंत्राने ती बरोबर ओळखली. पण त्याने आजार ओळखला की ते मूल ओळखलं? एकाच छातीचा आवाज एकसारखाच घुमतो. हा सरळसरळ फुटलेला पेपर. एका माणसाच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला गेल्या पाहिजेत, शिकण्याच्या नाहीतर परीक्षेच्या. नियम इतका साधा आहे, तरी घाईत मोडला जातो आणि मग ९९ टक्के अचूकतेचे दावे जन्माला येतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा. निरोगी आवाज कॉलेजातल्या मुलांचे घेतले, शांत वर्गात, एका उपकरणाने. आजारी माणसांचे आवाज वॉर्डात घेतले, दुसऱ्या उपकरणाने, मागे मॉनिटरची टिकटिक आणि पावलांचा आवाज. यंत्र झटकन शिकतं, पण शिकतं ते वॉर्ड ओळखायला. माझ्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हेच झालं. ओळखीच्या एका दवाखान्यातून मिळालेल्या नोंदी आणि आमच्या लॅबमधल्या नोंदी यांत आमच्या प्रोग्रॅमने लख्ख फरक केला. मुलं उड्या मारायच्या बेतात होती. मग आम्ही फक्त शांत फटींमधला आवाज, म्हणजे हृदय गप्प असतानाचा मागचा आवाज, कापून प्रोग्रॅमला दिला. तरीही त्याचं उत्तर बरोबर येत राहिलं. म्हणजे तो हृदय ऐकतच नव्हता. त्या दिवशी मुलं जे शिकली ते मला वर्षभराच्या तासांमध्ये शिकवता आलं नसतं.

शाळेच्या पडवीत

हे सगळं आपल्याला जवळचं का, ते सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. जन्मजात हृदयविकार आणि संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पथकातल्या डॉक्टरांच्या हातात एक नळी, समोर मुलांची लांब रांग, आणि शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. अशा ठिकाणी नोंद साठवणारा स्टेथोस्कोप आणि त्याच्या मागे नीट पारखलेला प्रोग्रॅम खरंच मदत करू शकतो असं मला मनापासून वाटतं. निदान करायला नव्हे. 'हे मूल पुन्हा ऐका' हे सांगायला, आणि तीच नोंद जिल्ह्याच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या कानापर्यंत पोचवायला. डॉक्टरने ऐकलेलं पूर्वी त्याच्या कानातच राहायचं. आता ते दुसऱ्यालाही ऐकता येतं, सहा महिन्यांनी पुन्हा ऐकून ताडता येतं.

आमच्या नव्या चमूने या वर्षी नोंदीसोबत भरायचा एक छोटा फॉर्म केला आहे. वय, छातीवरची जागा, खोलीत पंखा चालू की बंद, चार्जर लावला होता का. मागच्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "मूल झोपलेलं होतं की बसलेलं, हे कुठं लिहिता?" निरुपद्रवी मर्मर मूल उठून बसलं की अनेकदा कमी होतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. एकाच मुलाला झोपवून आणि बसवून ऐकलं की त्या फरकावरूनच त्यांना बरंच कळतं. आम्ही इतके दिवस दोन्ही नोंदी एकाच ढिगात टाकत होतो. आता फॉर्मवर एक चौकट वाढली आहे, झोपून किंवा बसून, आणि मुलं जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा घेताहेत.